नवीन समुद्री मासे क्वारंटाइन टँकमध्ये सोडताना ड्रिप किती तास लावावं?

लावूच नका.

तुम्ही लिहिलंय की शनिवारी दोन क्लाउन आणि एक टँग असे समुद्री मासे येणार, माल थेट कन्साइनमेंटमधला, म्हणजे लांबून पिशवीबंद येणाऱ्या खेपेतला आहे आणि दुकानदाराने बजावलंय की क्वारंटाइन टँकमध्ये (नवे मासे काही दिवस वेगळे ठेवायची टाकी) सोडण्याआधी ‘किमान दोन तास ड्रिप’ हवंच, म्हणजे पिशवीच्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळणं. ते ‘किमान दोन तास’ वाचलं आणि माझं डोकं फिरलं. हेच शब्द मी २०१७ च्या दिवाळीत आमच्या दाजींच्या तोंडून ऐकले होते आणि तेव्हापासून दर भाऊबीजेला ऐकते आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सांगलीकडे ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, आता रिटायर आहेत. घरात तीस वर्षं टाक्या. गोल्डफिश, एंजल, मध्ये एक अरोवानासुद्धा. सगळं गोड्या पाण्यातलं. खाऱ्या पाण्यात त्यांनी आजवर बोटसुद्धा बुडवलेलं नाही. पण मासे म्हटलं की घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

मला तेव्हा पावडर ब्लू टँगचं वेड लागलं होतं. अंगाला आकाशी रंग, तोंड काळं, पाठीवरचा पर हळदीसारखा पिवळा. नवशिक्याने घेऊ नये असा मासा, हे मला माहीत होतं आणि मी नवशिकी नाही असा माझा समज होता. कुर्ल्याच्या एका दुकानदाराने सांगितलं, मंगळवारी माल उतरणार, पिशवी न फोडता तशीच देतो, एकदम फ्रेश. आपल्याला फ्रेश या शब्दाची इतकी भूल पडते की मी रजा टाकून गेले. पावडर ब्लू घेतला आणि मोह आवरला नाही म्हणून एक कोरल ब्यूटी नावाचा छोटा मासापण घेतला. थर्माकोलच्या खोक्यावर मार्करने पॅकिंगची वेळ लिहिलेली होती: आदल्या दिवशीची पहाट. तिकडे मी नीट पाहिलंच नाही.

दादरहून शिवनेरी. खोकं पायाशी. कंडक्टर म्हणाला, ‘यात काय आहे?’ मी म्हणाले, मासे. ‘वास येणार नाही ना?’ मी म्हणाले, अहो, जिवंत आहेत. तो माझ्याकडे बघत पुढे गेला. दिवाळीची गर्दी, खंडाळ्याच्या घाटात दीड तास गाडी जागची हलेना. घरी पोचले तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले. म्हणजे ते मासे त्या पिशव्यांत चाळीस तास होते.

क्वारंटाइन टँक मी आठवडाभर आधीच लावून ठेवला होता. साठ लिटरची दोन फुटी टाकी, खाली वाळू नाही, लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो, मोठ्या टाकीत महिनाभर पिकवलेला स्पंज फिल्टर (म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू ज्यात वाढलेत असा), हीटर. ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या खारटपणाचं माप, १.०२१ ठेवलेली, कारण कन्साइनमेंटचं पाणी साधारण तेवढंच असतं असं दुकानदार म्हणाला होता. पुढचं भांडण सगळं या आकड्यावर आहे.

दाजी आणि ताई दिवाळीला आलेलेच होते. माझ्या हातातलं खोकं दाजींनी काढून घेतलं. ‘थेट टाकतेस की काय? शॉक बसेल त्याला. किमान दोन तास ड्रिप.’ ड्रिपसाठी गाठ मारून वापरतात तसली बारीक नळी नव्हती घरात, तर दाजी खाली मेडिकलमध्ये जाऊन सलाईनचा सेट घेऊन आले. चाकाची क्लिप असते ना, थेंब कमीजास्त करायची. पावडर ब्लूची पिशवी कापली, मासा पाण्यासकट बादलीत ओतला, टाकीतून नळी सोडली, आणि वर स्टूल टाकून बसले. थेंब, थेंब, थेंब. ताई म्हणाली, श्रावणी सोमवार चाललाय जणू, पिंडीवर अभिषेकपात्र टांगल्यासारखं. मला हसू आलं. दिवाळी, पाहुणे, त्यात थोरले. मी काही बोलले नाही. माझी चूक ती.

पिशवीत मासा शांत होता, जरा मलूल. अर्ध्या तासाने तो बादलीत गरागरा फिरायला लागला, कल्ले भराभर उघडमीट करायला लागला. दाजी म्हणाले, ‘बघ, तरतरी आली!’

ती तरतरी नव्हती. त्याचा जीव गुदमरत होता.

साडेबारा वाजता त्याला टाकीत सोडला. पहाटे पाचला उठून बघितलं तर एल्बोच्या तोंडाशी आडवा पडलेला.

आता दुसरी पिशवी. ती या सगळ्या अभिषेकात टाकीवर बंदच तरंगत राहिली होती, आम्ही विसरलोच होतो. साडेबारापर्यंत माझे डोळे मिटायला लागले होते. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकले, पिशवीचं पाणी १.०२२, टाकीचं १.०२१. म्हटलं, हे तर जवळजवळ सारखंच आहे. पिशवी कापली, तांदूळ धुवायच्या प्लास्टिकच्या चाळणीत मासा घेतला, पाणी खाली बादलीत, मासा टाकीत. दोन मिनिटं. तो कोरल ब्यूटी पाच वर्षं जगला.

सकाळी न्हाणीघरात पावडर ब्लूची ड्रिपची बादली तशीच होती. मी चहाच्या आधी त्या पाण्याचा अमोनिया मोजला. त्यात निम्म्याहून जास्त पाणी माझ्या टाकीचं होतं, तरी नळीतला रंग किटच्या तक्त्यावरच्या सगळ्यात गडद हिरव्याला जाऊन भिडला. टाकीत मोजला, पिवळाधमक, म्हणजे शून्य. मी दोन्ही नळ्या फराळाच्या ताटाशेजारी दाजींसमोर ठेवल्या. दाजी म्हणाले, ‘तू एसी गाडीतून आणलास, गारठला तो.’

मग मी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या कोपऱ्यात त्यांनाच त्यांची केमिस्ट्री लिहून दाखवली. बंद पिशवीत मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो, पीएच घसरतो, ८.१ चा ७ च्या आसपास येतो. कल्ल्यांतून अमोनियाही सुटतच असतो, पण पीएच खाली असला की त्यातला बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात राहतो आणि अमोनियम माशाला फारसं बाधत नाही. म्हणजे पिशवी जितकी घाण, तितकाच तिचा पीएच खाली, आणि त्यामुळेच मासा तग धरून असतो. आता पिशवी फोडा. सोड्याची बाटली उघडल्यावर जे होतं तेच होतं, गॅस उडून जातो. वर ८.१ चं पाणी थेंबथेंब घालत राहा. पीएच चढतो आणि अमोनियमचा अमोनिया व्हायला लागतो. पीएच एक अंकाने वाढला की विषारी अमोनियाचा वाटा साधारण दहापट होतो. आणि हे सगळं होत असताना मासा कुठे असतो? त्याच बादलीत, आपण त्याची ‘सवय’ करून देत असतो.

दाजी म्हणाले, ‘पण ड्रिपने अमोनिया पातळही होतो की.’ होतो ना. दोन तासांत निम्मा. आणि तेवढ्यात विषारी वाटा वाढतो कितीतरी पट. हे अकरावीतल्या पोराला कळेल.

यावर निवृत्त केमिस्ट्री मास्तर काय म्हणाले असतील? ‘पुस्तकातलं वेगळं असतं, जिवंत प्राण्याचं वेगळं.’ आणि चकली तोंडात टाकली.

तर तुमचं. ‘अ‍ॅक्लिमेट करणे’ याचा अर्थ सगळे जण माशाला टाकीची सवय करणे असाच धरतात. क्वारंटाइन टँकमध्ये हे उलटं करता येतं आणि तोच त्या टाकीचा मोठा फायदा आहे. तिथे दुसरं कुणी राहत नाही, ना कोरल, ना आधीचे मासे. तेव्हा टाकीच माशाच्या पिशवीसारखी करा. मी आता असं करते: दिवे बंद करून बंद पिशवी टाकीवर तरंगत ठेवते, पंधरावीस मिनिटं, तपमान जुळण्यापुरती. तेवढ्यात मेडिकलमधल्या इंजेक्शनच्या सुईने पिशवीतून दोन थेंब ओढते (भोकावर सेलोटेप) आणि ग्रॅव्हिटी बघते. पिशवी १.०२१ आणि टाकी १.०२५ निघाली, तर साठ लिटरातलं दहा लिटर काढून तेवढंच कोमट केलेलं आरओ घालायचं, झालं काम. मग पिशवी कापायची आणि रेंगाळायचं नाही. पिशवीचं पाणी टाकीत एक चमचाही जाता कामा नये. जाळी वापरू नका, टँगच्या शेपटीजवळ सुरीसारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो. चाळण बरी.

मासा कमी खारट पाण्यात उतरला तर सोसतो. जास्त खारट पाण्यात एकदम टाकला तर नाही सोसत. म्हणून शंका असेल तर टाकी पिशवीपेक्षा एखादा पॉइंट खालीच ठेवा आणि मग रोज ०.००१ असं चढवत न्या. क्वारंटाइन म्हणजे महिनाभराचं प्रकरण, घाई कसली आहे? रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन सोल्यूशनवर ३५ ला जुळवून घ्या, नुसत्या आरओवर नको. आणि तो प्लास्टिकचा काट्याचा हायड्रोमीटर कुणी दिला असेल तर भाच्याला खेळायला द्या.

कॉपरबद्दल, म्हणजे परजीवी मारायच्या तांब्याच्या औषधाबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण विचाराल. पहिल्याच रात्री पूर्ण डोस मारू नका. मासा खायला लागू दे, मग दोनतीन दिवसांत चढवा. टँग आहे म्हणजे पांढरे ठिपके (परजीवींचा आजार) आज ना उद्या दिसणारच असं धरून चाला. आणि अमोनिया मारायचं जे औषध मिळतं ते कॉपरबरोबर एकाच पाण्यात घालू नका, कॉपर जास्त विषारी होऊन बसतं. टाकीत कोरलचा चुरा किंवा लाइव्ह रॉकही ठेवू नका, कॉपर शोषून घेतो आणि तुमचं टेस्ट किट वेड्यासारखे आकडे दाखवतं.

आता प्रामाणिकपणे काही गोष्टी. दाजींचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही: पावडर ब्लू मुळातच नाजूक, कोरल ब्यूटी चिवट. एका रात्रीचे दोन मासे म्हणजे प्रयोग नव्हे. कदाचित तो थेट टाकला असता तरी मेला असता. मला तसं वाटत नाही, पण बादलीतला हिरवा रंग सोडून माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. मात्र पाणी जर आधीच जुळलेलं होतं, १.०२२ आणि १.०२१, तर अडीच तास ते थेंब नेमकं काय जुळवत होते, याचं उत्तर दाजींनी आजतागायत दिलेलं नाही.

दुसरं, मी हे सगळं लांबून आलेल्या पिशवीबद्दल बोलते आहे. दुकानातल्या टाकीतून तुमच्यासमोर पकडला, अर्ध्या तासात घरी आला, तर पिशवीत अमोनिया फारसा साठत नाही. तिथे ड्रिप करा किंवा नका करू, हौस तुमची. कोळंबी, स्टारफिश, गोगलगायी यांना मात्र सावकाशच उतरवावं लागतं, ग्रॅव्हिटीचा फरक त्यांना झेपत नाही. पण ते तुमच्या क्वारंटाइन टँकमध्ये जाणारच नाहीत, कॉपरने मरतील.

आणि एक गोष्ट मघापासून खटकते आहे. तुम्ही लिहिलंय ‘टाकी कालच भरली, फिल्टर नवीन आहे’. म्हणजे स्पंज पिकलेला नाही. मग मासे पिशवीतल्या अमोनियातून सुटून शनिवारी रात्रीपासून टाकीतल्या अमोनियात पडतील आणि रोज निम्मं पाणी बदलत बसाल. मुख्य टाकीला संप (खालची फिल्टरची जोडटाकी) असेल तर स्पंज आजच त्यात टाका आणि दुकानदाराला फोन करा. थोडा बयाणा द्या आणि म्हणा, मासे तीन आठवडे तुझ्याकडेच ठेव, खाताना मला व्हिडिओ पाठव, मग घेते. की ‘घेतो’? नाव कळलं नाही तुमचं. तो कुरकुर करेल, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणेल. असू दे. कन्साइनमेंटच्या पिशवीतून उतरवायची भानगड त्याच्या दुकानात होईल, आणि तिथे ड्रिप लावून मेले तर त्याचे मेले.