छंद-संवाद : चाकूंचा संग्रह सुरू करताना

प्रश्न : माझे आजोबा सोलापुरातील एका कापड गिरणीत कामाला होते. त्यांच्या पेटीत पितळी अडकित्ता आणि लाकडी मुठीचा घडीचा चाकू सापडल्यापासून चाकूंचा संग्रह करावा असे मनात घोळत आहे. चाकूच्या पात्यावर काळपट डाग आणि थोडा गंज आहे, तो घासून काढावा का? पुढे काय घ्यावे, नक्षीदार ‘दमास्कस’ चाकू घ्यावेत का, आणि कायद्याची अडचण येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : गंजाचे आधी सांगतो, कारण तेथे झालेली चूक पुन्हा भरून येत नाही. पात्याला पॉलिश पेपर मुळीच लावू नका. साध्या कार्बन पोलादाचे पाते कांदा, लिंबू, कैरी चिरून चिरून करडे-काळे पडते. हा घट्ट थर पात्याचे काही प्रमाणात रक्षण करतो आणि आजोबांच्या हातच्या वापराची ती खूणही आहे. बोटाला लागणारा तांबूस गंज मात्र पाते खात जातो. त्यावर शिलाई मशीनचे तेल सोडून रात्रभर ठेवावे आणि सकाळी सुती कापडाने पुसावे. तरीही राहिलेला ठिपका बांबूच्या कामटीने हलकेच खरवडावा. खाद्यतेल वापरू नये, ते काही दिवसांनी चिकट होते. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. मी चांभाराची एक जुनी रापी (चामडे कापण्याचे पाते) पावसाळाभर तशी ठेवली होती. दसऱ्याला बाहेर काढली तेव्हा धारेवर खड्डे पडले होते आणि ते आजही तसेच आहेत.

पुढे काय घ्यावे, याबाबत माझे मत ठाम आहे : दिखाऊ खंजिरांपेक्षा कामाची पाती गोळा करावीत. ज्वारीची कणसे खुडण्याचा विळा, चांभाराची रापी, खाटकाचा सत्तूर, स्वयंपाकघरातील विळी, यांतील प्रत्येक पात्याचा बाक आणि जाडी त्या त्या कामातून ठरलेली असते. घिसाडी लोहार ट्रकच्या जुन्या स्प्रिंग-पाट्यापासून विळा घडवत असेल तर तेथे तासभर उभे राहा, पाणी कधी देतो (तापलेले पाते बुडवून कडक कधी करतो) ते पाहा आणि त्याच्याच हातचा एक विळा विकत घ्या. अडकित्त्याकडेही दुर्लक्ष करू नका. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहिले म्हणजे एवढ्याशा वस्तूत कारागिराने किती कल्पकता ओतली आहे ते कळते. परदेशी चाकूच हवा असेल तर फ्रान्समधील ओपिनेल घ्यावा. १८९० पासून बनणाऱ्या या साध्या चाकूला १९५५ मध्ये पाते जागी अडकवणारे फिरते कडे बसवण्यात आले; त्याचे कार्बन पोलादी पाते निगा राखण्याचा उत्तम धडा देते.

‘दमास्कस’बाबत सावध राहावे. त्या नावाने ख्याती पावलेल्या जुन्या पात्यांशी दक्षिण भारतात मुशीत तयार होणाऱ्या वूट्झ पोलादाचे नाव जोडले जाते. आज विकले जाते ते बहुधा दोन प्रकारच्या पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेले आणि आम्लाने नक्षी उठवलेले असते. तेही कसबी काम आहे, पण स्वस्त मालावर ही नक्षी नुसती वरवर छापलेली असते. म्हणून पात्याची पाठ उजेडात धरून पाहावी : थर खरे असतील तर नक्षीच्या रेषा पाठीवरूनही जाताना दिसतात.

आता कायदा. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, खंजीर, तलवारी इत्यादी शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. तलवार, कट्यार किंवा बटण दाबताच उघडणारा चाकू घेण्याचा विचार असेल, तर पैसे देण्यापूर्वी पोलीस आयुक्तालयात विचारणा करावी. संग्रहातील चाकू खिशात घालून गड्ड्याच्या यात्रेत किंवा बाजारात मुळीच फिरू नये. सणासुदीला शस्त्रबंदीचे आदेशही लागू असतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही.

एक वही मात्र आजच घाला. पहिल्या पानावर आजोबांचा चाकू : पात्याची लांबी, मुठीचे लाकूड, खिळ्यांची संख्या, आणि तो ते कशासाठी वापरत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून.