पेशी, कोशिका आणि अमरकोशातलं अंडं

अमरावतीहून एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: “मुलगी आठवीत, मराठी माध्यमात आहे. पुस्तकात ‘पेशी व पेशीअंगके’ असा धडा आहे. समजून घ्यायला ती हिंदी व्हिडिओ बघते, तिथे सगळीकडे ‘कोशिका’. वर ‘मांसपेशी’ ऐकलं की ती विचारते, मांसाची पेशी म्हणजे एकच पेशी का? बरोबर शब्द कोणता? तंतुकणिका, लयकारिका असली नावं पाठ तरी कशी करायची? अनेकवचन पेशी की पेश्या? आणि आमचे बाबा मध्येच विचारतात, कोर्टाची पेशी ती हीच का?”

ताई, आधी मुलीच्या कामाचं सांगतो. मराठीत लिहिताना ‘पेशी’च लिहायचं. हिंदीतली ‘कोशिका’ म्हणजे आपली पेशी, आणि हिंदीतली ‘पेशी’ किंवा ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू. एवढी अदलाबदल वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली की निम्मा गोंधळ मिटतो. हिंदीत ‘पेशीय ऊतक’ असं येतं, ते पेशींचं ऊतक नव्हे, ती स्नायू ऊती (ऊती म्हणजे टिश्यू). आणि हिंदीत कुणी ‘पेशी कोशिका’ म्हणालं तर आपल्याला वाटेल एकच शब्द दोनदा म्हटला. त्याचं मराठी ‘स्नायुपेशी’.

अशा फसव्या जोड्या विज्ञानात आणखीही आहेत. हिंदीतला ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. संस्कृतच्या एकाच कोठारातून दोन बहिणींनी धान्य नेलं, पण डब्यांवर चिठ्ठ्या वेगवेगळ्या लावल्या. स्नायूची गत तर त्याहून मजेची. मराठीत तो दंडात फुगतो, आणि बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे थेट मज्जातंतू!

मग मुळात कोणाचं बरोबर? इथे संस्कृतची साक्ष काढली तर पहिल्या फेरीत हिंदी जिंकते. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, देहरचनेच्या शारीरस्थान या भागात, माणसाच्या देहात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. आजच्या मराठी अर्थानं वाचलं तर हे हास्यास्पद वाटेल, कारण ५०० पेशी रक्ताच्या एका थेंबाच्या टाचणीएवढ्या अंशातही भरतील. पण सुश्रुताची पेशी म्हणजे मांसाचा पट्टा किंवा गोळा, आणि त्याचे स्नायू म्हणजे सांधे नि हाडं बांधून ठेवणारे चिवट बंध. म्हणजे मराठीनं स्नायू हा शब्द बंधांवरून उचलून मांसावर नेला, आणि मोकळी झालेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

पण दुसरी फेरी बाकी आहे, आणि माझ्यासारख्या कोश चाळत बसणाऱ्याला तीच जास्त आवडते. पेशी हा शब्द ‘पिश्’ धातूचा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘अवयव’ असा दिलाय, म्हणजे घडणं, भाग होणं, आकार येणं. मांसाला ‘पिशित’ म्हणतात तेही इथलंच (आणि परंपरेनं ‘पिशाच’सुद्धा याच घरातला मानतात, पण ते मुलीला रात्री सांगू नका). चरकसंहितेत दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाचं वर्णन आहे: तो घन असतो, पेशी असतो किंवा अर्बुद असतो. अजून हात ना पाय, नुसता आकार धरू लागलेला गोळा, त्याला पेशी म्हटलंय. त्यातलं ‘अर्बुद’ पुढे गाठीसाठी राहिलं, आजही कर्करोगाच्या मराठी लेखनात भेटतं.

आणि मग अमरकोश, अमरसिंहानं रचलेला जुना संस्कृत शब्दकोश. पक्ष्यांच्या शब्दांत एक ओळ आहे: ‘पेशी कोशो द्विहीनेऽण्डम्’. अंड्याला तीन नावं आहेत, पेशी, कोश आणि अंड. पैकी शेवटचं नपुंसकलिंगी, एवढाच तिचा अर्थ. पण बघा, मराठीची पेशी आणि हिंदीच्या कोशिकेतला कोश दोघं एकाच ओळीत, खांद्याला खांदा लावून, एकाच वस्तूची नावं म्हणून बसलेत! सूक्ष्मदर्शकाच्या हजारभर वर्षं आधी. आणि ती वस्तू अंडं असावी हाही छान योग. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक ही मुळात एकच पेशी असते. नुसत्या डोळ्यांनी पेशी बघायची तर यापेक्षा मोठी सहज मिळणार नाही. मुलीला उद्या सकाळी ताटलीत दाखवा. अर्थात अमरसिंहाला हे ठाऊक होतं असा दावा मी करत नाही, तसले दावे करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

तर दोन्ही शब्दांना वंशावळ आहे. तरी मला मराठीचा शब्द जास्त नेमका वाटतो, आणि ते केवळ माझी भाषा म्हणून नव्हे. इंग्रजी ‘सेल’ लॅटिनमधल्या छोट्या खोलीवरून आला. १६६५ साली रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसली. त्यानं हिशोबही केला: एका घन इंचात सव्वाशे कोटींहून जास्त. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. हूकनं जे पाहिलं त्या रिकाम्या भिंती होत्या, राहणारा केव्हाच गेला होता. नाव पडलं ते घराचं, घरमालकाचं नव्हे. पुढे १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउननं ऑर्किडच्या पेशींतल्या केंद्रकाकडे (न्यूक्लिअसकडे) लक्ष वेधलं, १८३८–३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती नि प्राणी दोघंही पेशींचेच असल्याचं मांडलं, आणि १८६१ मध्ये माक्स शुल्ट्झेनं व्याख्याच उलटवली: पेशी म्हणजे जीवद्रव्याचा छोटा गोळा, ज्याच्या आत केंद्रक आहे. भिंत असो वा नसो. प्राण्यांच्या पेशींना भिंत नसतेच, नुसतं प्रद्रव्यपटल, म्हणजे पातळ पडदा असतो.

‘कोशिका’ हे हूकच्या खोलीचं भाषांतर, म्हणजे छोटी पेटी किंवा म्यान. ‘पेशी’ मात्र शुल्ट्झेचा गोळा. ज्या कुणी मराठीत हा शब्द या अर्थानं रुळवला त्यांच्या मनात काय होतं ते राहू द्या. शब्द बसला तो नेमका.

कोशिका मराठीत परकी आहे असं मात्र समजू नका. मराठी विश्वकोशाच्या छापील खंडांत अनेक नोंदींत ‘कोशिका’ लिहून लगेच कंसात ‘पेशी’ दिलेलं आढळतं. विद्वानांनी एक शब्द धरला आणि शाळा-दवाखान्यांनी दुसरा चालवला; अशा सामन्यात कोण जिंकतं ते आपण जाणतोच. शिवाय कोशिकेची एक व्यावहारिक अडचण आहे. रक्ताच्या अगदी बारीक नळ्यांना ‘केशिका’ म्हणतात, केसासारख्या म्हणून. केशिका आणि कोशिका! एक काना इकडचा तिकडे झाला की परीक्षकाची पंचाईत. पेशीमुळे आपण त्यातून सुटलो.

दवाखान्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: “पेशी कमी झाल्यात.” कुठल्या, हे कुणी विचारत नाही. सांगणाऱ्याला प्लेटलेट म्हणायचं असतं, पुस्तकी मराठीत रक्तपट्टिका किंवा रक्तबिंबिका. निरोगी माणसात त्या मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख असतात. गंमत म्हणजे काटेकोर बोलायचं तर त्या पूर्ण पेशी नाहीतच. अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशींचे ते तुटून आलेले तुकडे, केंद्रक नसलेले. आणि डेंग्यूत पांढऱ्या पेशीही बऱ्याचदा घटतात, त्यामुळे एकाच वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. गेल्या वर्षी शेजारच्या आजोबांचा अहवाल वाचून दाखवताना माझाच हा घोळ झाला. त्यांना वाटलं मी उगाच घाबरवतोय. तेव्हापासून मी पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट असं सुटंसुटं बोलतो. तांबड्या पेशी तरी पूर्ण का? माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नसतात, आणि साधारण १२० दिवसांत तिचा कारभार आटोपतो. कदाचित म्हणूनच ‘लोहित रक्तकणिका’ हे नाव बरं पडतं. तिथे ‘कणिका’ म्हटलं, की पेशीपणाचा वाद उरत नाही.

आता पाठांतर. माझं म्हणणं, पाठ करूच नये, फोडून बघावं. तंतुकणिका घ्या. कार्ल बेंडानं १८९८ मध्ये मायटोकॉन्ड्रिया हे नाव ग्रीकमधून बनवलं: मितोस म्हणजे धागा, कोंद्रिऑन म्हणजे दाणा. त्याला भिंगाखाली त्या कुठे धाग्यासारख्या, कुठे दाण्यांसारख्या दिसल्या. तंतू अधिक कणिका. आपल्याकडे शब्दाला शब्द ठेवलाय. तोच मितोस ‘मायटोसिस’मध्ये आहे, तिथे मराठीनं तंतूऐवजी सूत्र घेतलं आणि ‘सूत्री विभाजन’ केलं. पेशी विभागताना केंद्रकात धागे दिसू लागतात ते हे सूत्र. पंचसूत्री कार्यक्रमाशी त्याचा संबंध नाही.

गुणसूत्रात मराठीनं भाषांतर सोडलं आणि बरं केलं. ‘क्रोमोसोम’ म्हणजे ग्रीकमध्ये रंगीत पिंड, कारण तो भाग रंग पटकन शोषायचा. १८८८ मध्ये वाल्डायरनं नाव ठेवलं तेव्हा तो करतो काय, हे पुरतं कळलंच नव्हतं. गुजरातीत अजून ‘रंगसूत्र’ आहे. आपण आणि हिंदीनं ‘गुणसूत्र’ म्हटलं, गुण वाहून नेणारा धागा. इंग्रजी नाव प्रयोगशाळेतल्या शाईचं, आपलं नाव कामाचं.

लयकारिकेबद्दल मुलीची तक्रार मला मान्य आहे. ऐकून वाटतं तबलजीच्या वहीतला शब्द. शिवाय आपल्याकडे ‘लय भारी’ही आहे. पण इथला लय म्हणजे प्रलयातला, विलयातला: विरघळवून नाहीसं करणं. लय करणारी ती लयकारिका. पेशीत आलेला कचरा, जुनी अंगकं, घुसलेले जिवाणू यांना ती पचवून टाकते. रिक्तिकेवर, म्हणजे इंग्रजीतल्या ‘व्हॅक्युओल’वर, मात्र माझा राग आहे. नाव रिकामेपणाचं, आणि आत पाणी, क्षार, साखर, कधी रंगद्रव्य. वाढलेल्या वनस्पतिपेशीचा मोठा भाग तीच व्यापते आणि बिचाऱ्या केंद्रकाला कडेला ढकलते. म्हणजे रिक्तिका रिकामी नाही आणि केंद्रक केंद्रात नाही! पहिली चूक लॅटिनची, आपण तिची नक्कल केली. दुसरीत आपलाच हात, कारण लॅटिन ‘न्यूक्लिअस’चा अर्थ नुसता फळातला गर किंवा बी. आणि ‘केंद्र’ हा शब्द तरी कुठला? ज्योतिषाबरोबर ग्रीकमधून आलेला ‘केंत्रोन’.

सगळ्यांत देखणा शब्द पुढे येतो: ऊती. सारख्या पेशी एकत्र येऊन एक काम करतात त्या समूहाला आपण ऊती म्हणतो, आणि पोरं ती लोकरीच्या ऊबेशी जोडतात. फार चुकत नाहीत. ‘वे’ म्हणजे विणणं, त्यापासून ऊत म्हणजे विणलेलं आणि ऊति म्हणजे वीण. (वेदात रक्षण या अर्थाचा ‘ऊति’ आहे, तो निराळ्या धातूचा.) इंग्रजी ‘टिश्यू’ही फ्रेंचमधल्या विणलेल्या कापडाच्या शब्दावरून आलाय. आपण रोज ‘ओतप्रोत’ म्हणतो ना, त्यात हाच ऊत दोनदा आहे, आ-ऊत आणि प्र-ऊत, ताण्याबाण्यासारखं आडवं-उभं विणलेलं. जळगावकडे केळीची ऊती संवर्धित रोपं मिळतात, तिथला शेतकरी ‘टिश्यू’ म्हणतो, आणि त्यानं तसं म्हणायला माझी हरकत नाही. वीण दोन्हीकडे तीच.

व्याकरण झटपट. एक पेशी, अनेक पेशी, ‘पेश्या’ नको. नदीचं नद्या होतं, पण दासी, युवती यांच्यासारखी पेशी अनेकवचनात बदलत नाही. पेशीला, पेशींना, पेशींमध्ये. ऊती एकटी लिहिताना दीर्घ. मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त असल्यानं समासात ‘ऊतिविज्ञान’, जसं रवी पण रविवार. पेशी मात्र संस्कृतातही दीर्घ चालते, म्हणून पेशीविज्ञान, पेशीभित्तिका.

राहिले बाबा. कोर्टाची पेशी वेगळी, ती फारसीतून आली. ‘पेश’ म्हणजे पुढे, समोर. न्यायाधीशापुढे हजर व्हायचं ती पेशी, पुढे करायचं ते पेश करणं, कामाआधी पुढे द्यायची ती पेशगी, आणि सगळ्यांच्या पुढे असायचा तो पेशवा.