कोनाची ट्रायथलॉन मुळात कोनाची नाहीच!

प्रश्न: आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची लांबलचक ट्रायथलॉन रेस) पहिल्यापासून हवाईतल्या कोना गावातच होते का हो?

उत्तर: नाही ओ. १९७८ला सुरू झाली ती हवाईतल्याच ओआहू बेटावर, अमेरिकन नेव्हीतल्या जॉन कॉलिन्सनी तिथल्या तीन वेगळ्या रेस एकत्र जोडल्या, ३.८ किमी पोहणं, साधारण १८० किमी सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, सगळं एकाच दिवशी (डोकंच फिरलं असणार). १५ जण उतरले, १२ पोचले, गॉर्डन हॉलर जिंकला. मग ट्रॅफिकला वैतागून १९८१मध्ये रेस कोनाला हलवली. पण खरी गाजली फेब्रुवारी १९८२ला, बायकांमध्ये पुढे असलेली ज्युली मॉस फिनिशजवळ कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली आणि ज्युली चक्क रांगत रांगत दुसरी आली, टीव्हीवर बघून लोक वेडेच झाले.