विमान सुटलंच नाही तर?

"ताई, विमानात बसायला मी घाबरत नाही. ते सुटलंच नाही तर काय, याने झोप उडते."

दांडिया बाजारातल्या काकू खुर्चीत टेकता टेकताच म्हणाल्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी जर्मनीत, तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलेलं आणि काकू तिकीट काढू देईनात. मुलं परदेशी असलेले बडोद्यातले कितीतरी आईवडील माझ्याकडे हीच काळजी घेऊन येतात.

मागच्या खेपेला परतताना बर्फामुळे त्यांचं विमान रद्द झालं. रक्तदाबाच्या गोळ्या चेक-इनच्या बॅगेत, व्हिसा दुसऱ्या दिवशी संपणार. शेजारचे प्रवासी काउंटरवरून कागद घेऊन हॉटेलवर गेले, तरी काकू रात्रभर खुर्चीवरून उठल्या नाहीत. "त्यांनी पैसे मागितले असते तर?" सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चालूच होतं.

"घाबरू नका" असं मी म्हटलं नाही. तिथे काय मागता येतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, मग भीती वाटणारच. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या विमानाला 2004 चा 261 क्रमांकाचा नियम लागू आहे. विमान रद्द झालं की दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे, थांबण्याच्या वेळेनुसार खाणंपिणं, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथवर जाण्यायेण्याची सोय. बर्फासारख्या कारणाने 250 ते 600 युरोंची भरपाई मिळत नाही, पण जेवण आणि हॉटेल द्यावंच लागतं. अशा अडचणीत शेंगेन व्हिसाही (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) विनाशुल्क वाढवून मिळतो. मात्र तो संपण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांना गाठायला हवं.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तो माझा हक्कच होता?"

पुढचे दोन शनिवार मी काउंटरवरची बाई झाले. "माय फ्लाइट इज कॅन्सल्ड. आय नीड हॉटेल." पहिल्यांदा आवाज मलाही ऐकू येईना. मी मुद्दाम "वेट" म्हणून तोंड फिरवलं, तर त्या उठून दाराकडे निघाल्या. दुसऱ्या शनिवारी मात्र टेबलावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्यानंतर आल्या तेव्हा पर्समध्ये गोळ्यांची डबी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मोठ्या अक्षरांत छापून घेतलेला तो नियम होता. तिकीट निघालं होतं.

"आज जरा जास्तच खडूसपणे बोला हं," म्हणाल्या.