पॅनेलला नंबर नको, नाव द्या

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना शोधत बसावं लागणार नाही. डहाणू, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी आणि वेंगुर्ले अशी पाच केंद्रं. प्रत्येकाची समुद्राची तासातासाची पातळी आणि रोजचा पाऊस, म्हणजे दहा पॅनेलची (छोट्या आलेखांची) एक आकृती, दर महिन्याला अहवालात जाते. मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीचा तोच लांबलचक कोड दर वेळी चिकटवायचा, थोडा बदलायचा आणि पुढच्या महिन्यात कुठे काय बदललं ते शोधायचं. याचा कंटाळा येऊन तुम्हाला ऑफिसातल्या सगळ्यांसाठी एक छोटं मॉड्यूल लिहायचंय. विचारलंय असं, की फंक्शनने ॲक्सेसचा (ॲक्सेस म्हणजे एकेका पॅनेलची रेखाटनाची चौकट) ॲरे, म्हणजे क्रमांकाने हाताळायची मांडणी, परत द्यावा, की रेषा-स्तंभ काढणारी फंक्शनं आत घेऊन सगळी आकृती स्वतःच उरकावी?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. पॅनेल आणि त्या पॅनेलचा डेटा एकाच नावाने, एकाच वेळी हातात देणारं काहीतरी हवं. काढायचं काम ज्याचं त्याला करू द्या.

ॲरेची अडचण आधी घेऊ, कारण ती पहिल्या दिवशी दिसत नाही. सगळी पॅनेल एकदम बनवणारं सबप्लॉट्स हे फंक्शन मॅटप्लॉटलिबच्या १.० आवृत्तीत, २०१० साली आलं. त्याआधी मॅटलॅबच्या वळणाचं सबप्लॉट होतं: ओळी, रकाने आणि एकपासून मोजलेला क्रमांक, तेही २३४ असे तीन आकडे एकत्र चिकटवून. त्यामानाने सबप्लॉट्स फारच सुटसुटीत, पण त्याचा परत येणारा ॲरे गुपचूप आकार बदलतो. पाच ओळी आणि दोन रकाने मागितले तर द्विमिती ॲरे. पाच ओळी आणि एकच रकाना मागितला तर एकमिती. एकच पॅनेल मागितलं तर ॲरेच नाही, नुसता ॲक्सेस. एखाद्या महिन्यात फक्त रत्नागिरीचा डेटा वेळेवर आला आणि कुणी तेवढ्यावरच कोड चालवला, की इंडेक्स लावलेल्या ओळीवर तो कोसळतो. कारण एकाच ओळीची किंवा रकान्याची मिती गाळून टाकणारा स्क्वीझ हा पर्याय मुळात चालू असतो. तो बंद केला की नेहमी द्विमितीच मिळतं. मॉड्यूलच्या आत सबप्लॉट्स वापरणार असाल तर तो बंद करूनच वापरा, यात चर्चेला जागा नाही.

आकाराचा प्रश्न सुटला तरी शून्यापासून मोजलेलं तीन-एक (ओळ तीन, रकाना एक) हे पॅनेल कोणाचं, हे कोड वाचणाऱ्याला डोक्यात ठेवावं लागतं. आपल्याकडे वाडीत कुणी घर विचारलं तर ‘डावीकडचं चौथं’ असं सांगत नाहीत, घराचं नाव सांगतात. मध्ये एखादं नवं घर उभं राहिलं तरी पत्ता बदलत नाही. पॅनेलचंही तसंच व्हायला हवं. उद्या यादीत आणखी एक केंद्र घातलं, तर वेंगुर्ल्याच्या पॅनेलवर टीप टाकणारी ओळ बदलावी लागता कामा नये.

मॅटप्लॉटलिबमध्ये याची सोय २०२० पासून आहे. ३.३ आवृत्तीत सबप्लॉट_मोझेइक आलं. मांडणीचा नकाशा अक्षरांनी लिहायचा, तेच अक्षर दोन घरांत लिहिलं की पॅनेल दोन घरं व्यापतं, बिंदू लिहिला की जागा रिकामी राहते, आणि परत मिळते नावांची डिक्शनरी. फक्त मराठी नावं देताना जपा. एका स्ट्रिंगमध्ये नकाशा लिहिण्याची जी छोटी पद्धत आहे, ती स्ट्रिंग एकेका कोडपॉइंटवर (संगणकाच्या लेखी एक सुटं चिन्ह) तोडते. ‘कि’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पायथॉनला ते दोन दिसतात, आणि मांडणीत न मागितलेलं एक पॅनेल उगवतं. याद्यांच्या आत याद्या देण्याची दुसरी पद्धत वापरा. तिथे ‘रत्नागिरी’ पूर्ण लिहिलं तरी चालतं.

मग मॉड्यूलची गरजच काय, मोझेइक आहेच की, असं कुणीतरी म्हणेल. मोझेइकला तुमचा डेटा माहीत नसतो, हे त्याचं कारण. नावं तुम्ही हाताने लिहायची आणि डेटाही तुम्हीच गाळायचा. एका ठिकाणी हर्णै आणि दुसऱ्या ठिकाणी हरणे लिहिलं की संपलं. म्हणून नावं डेटामधून किंवा एकाच ठरलेल्या यादीतून यायला हवीत. इंटरफेस ठरवताना मी आधी आतला कोड लिहीत नाही. वापरणाऱ्याला काय लिहायला आवडेल ती ओळ आधी कागदावर लिहितो. तुमच्यासाठी ती साधारण अशी असेल:

चित्र, पॅनेल = मांड(नोंदी, ओळी="केंद्र", रकाने="माप", क्रम=किनारा, एकच_मोजपट्टी=["भरती", "पाऊस"])

टीप_टाक(पॅनेल["वेंगुर्ले", "पाऊस"], "मान्सून दाखल")

(पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं खरंच चालतात, म्हणून वरच्या ओळी मोडणार नाहीत. पण रोजच्या कामात फंक्शनची नावं देवनागरीत ठेवू नका. कीबोर्ड बदलता बदलता बोटं दुखतील. डिक्शनरीच्या कळा, म्हणजे पॅनेल ज्या नावांनी मिळतात ती नावं, मराठी असली तर हरकत नाही.)

याच्या जोडीला एक जनरेटर हवा. फॉर लूपच्या प्रत्येक फेरीत तो नाव, त्या नावाचा डेटाचा तुकडा आणि त्याचा ॲक्सेस असं त्रिकूट देईल. लूपच्या आत माणूस नेहमीचंच मॅटप्लॉटलिब लिहील. फंक्शनं आत घेऊन सगळं उरकणारी पद्धत मला यासाठीच नको वाटते. सीबॉर्न या मॅटप्लॉटलिबवर बांधलेल्या लायब्ररीतल्या फॅसेटग्रिडचं मॅप हे फंक्शन तसं चालतं, आणि सगळी पॅनेल एकसारखी असतील तोवर झकास चालतं. पण फक्त रत्नागिरीच्या पॅनेलवर धोक्याच्या पातळीची आडवी रेषा हवी म्हटलं की फंक्शनच्या आत ‘केंद्र रत्नागिरी असेल तर’ अशी अट शिरते, आणि तीन महिन्यांत त्या फंक्शनचं कडबोळं होतं. लूपमध्ये ही अट जिथे शोभते तिथे बसते. पायथॉन येणाऱ्या माणसाला लूप शिकवावा लागत नाही, तुमचं मॅप मात्र शिकवावं लागेल.

क्रम हा वेगळा आर्ग्युमेंट का, ते सांगतो. पांडाज या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीचं, गट पाडणारं ग्रुपबाय कळा आपोआप क्रमाने लावतं. देवनागरी नावं असतील तर अलिबाग, डहाणू, रत्नागिरी, वेंगुर्ले, हर्णै असा क्रम येतो. बाराखडीच्या दृष्टीने बरोबर, किनाऱ्याच्या दृष्टीने निरर्थक. तुमची पॅनेल एकाखाली एक आहेत. डहाणू सर्वात वर आणि वेंगुर्ले सर्वात खाली ठेवलं की कागद नकाशासारखा वाचता येतो. जूनच्या आकृतीत पावसाचे स्तंभ खालून वर, उजवीकडे सरकत चढताना दिसतात. मान्सून दक्षिणेकडून वर सरकत येतो, तो तिरका जिना एका नजरेत कळतो. बाराखडीच्या क्रमात तो कुणाच्याही बापाला दिसणार नाही. म्हणून किनारा ही यादी मॉड्यूलमध्ये एकदाच लिहा आणि पॅनेल त्या यादीवरून बनवा, हाती आलेल्या डेटावरून नको. एखाद्या महिन्यात हर्णैच्या नोंदीच आल्या नाहीत तर त्याचं पॅनेल गायब न होता रिकामं राहील आणि मॉड्यूल त्यात ‘नोंद नाही’ असं लिहील. पाऊस पडलाच नाही आणि पाऊस मोजलाच नाही, या दोन गोष्टी आकृतीत वेगळ्या दिसल्याच पाहिजेत.

आता मोजपट्टी. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना भरती-ओहोटीतलं अंतर वाढत जातं. वेंगुर्ल्याला उधाणालाही ते दोन मीटरच्या आसपास असतं, डहाणूला त्याच्या दुपटीहून जास्त. प्रत्येक पॅनेलला स्वतःची मोजपट्टी घेऊ दिली तर पाचही रेषा सारख्याच उंच दिसतात आणि सांगण्यासारखी गोष्टच नाहीशी होते. त्यामुळे भरतीच्या पाचही पॅनेलना उभा अक्ष समाईक हवा. पावसाच्या पाचांना त्यांचा वेगळा समाईक, कारण मीटर आणि मिलिमीटर एका पट्टीवर बसत नाहीत. तुमच्या मांडणीत ओळ म्हणजे केंद्र आणि रकाना म्हणजे माप, म्हणून उभा अक्ष समाईक करणाऱ्या शेअरवाय या पर्यायाला ‘कॉल’ (रकाना) द्यावं लागतं. सवयीने हात ‘रो’ (ओळ) लिहितो, आणि वेंगुर्ल्याची भरती वेंगुर्ल्याच्या पावसाच्या मिलिमीटरांवर काढली जाऊन सपाट रेघ होते. उद्या कुणी ओळी-रकान्यांची अदलाबदल केली की हे परत उलटं करायचं लक्षात ठेवायला हवं. म्हणून वरच्या ओळीत मी शेअरवाय ठेवलंच नाही. ‘भरती या मापाची सगळी पॅनेल एका मोजपट्टीवर’ एवढंच वापरणाऱ्याने सांगावं. आत ॲक्सेसवरची शेअरवाय ही मेथड, जी ३.३ पासून आहे, ती वापरून जोड्या लावणं हे मॉड्यूलचं काम.

समाईक अक्षांचा आणखी एक काटा म्हणजे टिक, अक्षावरच्या खुणा. अक्ष जोडले की टिक कुठे पडायचे आणि कसे लिहायचे हे ठरवणारे लोकेटर व फॉर्मॅटरही जोडले जातात. वरच्या पॅनेलखालच्या तारखा नकोत म्हणून तिथले टिक रिकामे केले तर खालच्या सगळ्यांचे जातात. नुसती अक्षरं लपवायची असतील तर टिक_पॅरॅम्स वापरा. ते एका पॅनेलपुरतंच लागू होतं. याची दुसरी बाजू तुम्ही कधी पाच पॅनेल दोन ओळी आणि तीन रकान्यांत मांडलीत तर दिसेल. सहावी जागा रिकामी म्हणून काढून टाकली, तरी तिच्या वरच्या पॅनेलखाली तारखा येत नाहीत, कारण ते मॅटप्लॉटलिबच्या लेखी अजून वरच्या ओळीतलंच असतं. रकान्यातलं सर्वात खालचं जिवंत पॅनेल शोधून त्याच्या तारखा परत चालू करणं, हे मॉड्यूलने न सांगता करावं. असल्या बारीकसारीक गोष्टींसाठीच तर मॉड्यूल लिहायचं.

पावसाबद्दल एक गोष्ट, जी इंटरफेसची नाही पण चुकली तर आकृती खोटी ठरते. हवामान खात्याचा रोजचा पाऊस म्हणजे त्या दिवशी सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा. पंधरा तारखेचा आकडा बराचसा चौदा तारखेच्या पावसाचा असतो. शेजारच्या पॅनेलमध्ये तासातासाची भरती आणि वेळेचा अक्ष समाईक असताना स्तंभ पंधरा तारखेच्या मध्यरात्रीवर मध्याला काढला तर उधाण आणि पाऊस यांची जुळणी काही तासांनी घसरते. स्तंभाची वेळ साडेआठ धरा, अलाइनला ‘एज’ द्या आणि रुंदी उणे एक दिवस द्या. स्तंभ साडेआठपासून मागे पसरतो, अगदी मोजणीसारखा. हे एका स्वतंत्र ‘पाऊस_स्तंभ’ फंक्शनमध्ये टाका.

अशा रेखाटणाऱ्या फंक्शनांना एकच शिस्त लावा. डेटा आणि ॲक्सेस घ्यायचा, त्यावर काढायचं आणि तोच ॲक्सेस परत द्यायचा. नवी फिगर उघडायची नाही, शो म्हणायचं नाही, फाइल सेव्ह करायची नाही. सीबॉर्नमध्ये दोन जातीची फंक्शनं आहेत. काही ॲक्सेसवर काढतात, काही अख्खी फिगर स्वतः बनवतात. दुसऱ्या जातीची आकृती तुम्हाला दुसऱ्या आकृतीच्या कोपऱ्यात बसवता येत नाही, आणि याचा त्रास कधी ना कधी सगळ्यांना होतो. तुमच्या मांड फंक्शनलाही याच कारणासाठी बाहेरून फिगर देता यायला हवी. दिली तर त्यात मांडेल, नाही दिली तर नवी उघडेल. सबफिगर्स, म्हणजे फिगरच्या आतल्या छोट्या फिगर, ३.४ पासून आहेत, आणि सबफिगरलाही सबप्लॉट्स व मोझेइक या मेथड आहेत. त्यामुळे डावीकडे किनाऱ्याचा नकाशा आणि उजवीकडे ही दहा पॅनेल, असं उद्या कुणी मागितलं तर मांड फंक्शनची एक ओळही बदलावी लागणार नाही.

मोकळ्या जागेचा हिशेब स्वतः करू नका. फिगर उघडताना लेआउट ‘कन्स्ट्रेन्ड’ द्या. अक्षांच्या समाईक नावांसाठी सुपएक्सलेबल आणि सुपवायलेबल आहेत.

देवनागरी शीर्षकांचं मात्र आधीच ठरवा. मॅटप्लॉटलिबच्या मूळच्या डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, चौकोन येतात. देवनागरी फॉन्ट दिला तरी बऱ्याच आवृत्त्यांत नेहमीच्या बॅकएंडवर (प्रत्यक्ष चित्र रंगवणारा भाग) जोडाक्षरं तुटलेली आणि ऱ्हस्व इकार भलत्या बाजूला गेलेला बघायला मिळतो. ‘रत्नागिरी’मध्ये दोन्ही आहे, लगेच कळेल. एमपीएलकैरो हा बॅकएंड रॅक्म या अक्षरजुळणीच्या लायब्ररीच्या मदतीने अक्षरं नीट जुळवतो. तो सगळ्यांच्या मशीनवर बसेलच असं नाही, म्हणून पॅनेलची कळ आणि पॅनेलवर छापायचं शीर्षक या दोन वेगळ्या गोष्टी ठेवा. कळ कायम तीच आणि शीर्षकासाठी एक वेगळी डिक्शनरी, ज्यात इंग्रजी नावं घातली तरी बाकी कोड हलत नाही.

काय लपवायचं हे ठरवताना हात आखडता घ्या. तुमचं फंक्शन मॅटप्लॉटलिबचीच फिगर आणि त्याचेच ॲक्सेस परत देत असेल, तर तुम्ही न पुरवलेली प्रत्येक गोष्ट वापरणारा स्वतः करू शकतो. त्यांच्याभोवती तुमचा स्वतःचा ‘पॅनेल’ नावाचा क्लास गुंडाळलात, की रेषेचा रंग, जाळी, खुणांची यादी, एकेक मागणी तुमच्याकडे येत राहील आणि तुम्ही मॅटप्लॉटलिब परत लिहीत बसाल. साधी डिक्शनरी पुरे.

सुरुवातीला मांड आणि तो जनरेटर, एवढंच लिहा. मग ते चार डेटावर चालवून बघा: पूर्ण महिना, फक्त एक केंद्र, हर्णै गायब, आणि पाऊस सगळा शून्य. शेवटच्यात स्तंभांच्या उभ्या अक्षाची कमाल किंमत काय येते ते मुद्दाम पाहा. कोड इथे टाकलात तर बघून सांगतो.