टूल नंतर, आधी मोजणी

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हॉस्टेलच्या मेसची हजेरी आणि बिल सांभाळणारं ॲप हा आमचा चौघांचा प्रोजेक्ट. किती तास लागतील, याचा अंदाज गाइड सरांनी मागितलाय. पुढेही मला असे अंदाज काढण्याच्याच कामात जायचंय. कामं आणि तास नोंदवायचं जिरा हे टूल शिकू, अंदाजाचं कोकोमो मॉडेल वापरू की सॉफ्टवेअरचा आकार गुणांत मोजणाऱ्या फंक्शन पॉइंट पद्धतीचं सर्टिफिकेट करू?

उत्तर : सर्टिफिकेटवर आत्ता पैसे घालू नकोस. चार-पाच प्रोजेक्ट स्वतः मोजल्याशिवाय त्या मोजणीचे नियम अंगवळणी पडत नाहीत.

कोकोमो हे बॅरी बोएम यांचं १९८१ सालचं, ६३ प्रकल्पांच्या आकड्यांवर बसवलेलं मॉडेल. कोडच्या ५ हजार ओळी धरल्या, तर त्याचं सर्वांत साधं सूत्र सुमारे १३ मनुष्य-महिने, म्हणजे एका माणसाचं १३ महिन्यांचं काम सांगतं. पण कोड लिहिण्याआधी ओळी किती होणार, हे तुला कुठून कळणार? अडचण इथेच आहे.

म्हणून फंक्शन पॉइंटने मोज; त्याला गरजांची यादी पुरते. तुझ्या ॲपमध्ये विद्यार्थी, हजेरी आणि बिल असे माहितीचे ३ गट आहेत. सोप्या गटाला ७ गुण, म्हणजे २१. विद्यार्थी नोंदवणं, बदलणं, काढणं, हजेरी टाकणं, पैसे जमा करणं या ५ नोंदींना प्रत्येकी ३, म्हणजे १५. हिशेब करून निघणारं मासिक बिल मध्यम धरलं तर ५. विद्यार्थ्याची माहिती आणि आजची हजेरी नुसती पाहणं, हे दोन्ही मिळून ६. एकूण ४७.

मुलं हमखास चुकतात ती इथे : डेटाबेसमधलं प्रत्येक टेबल वेगळा गट म्हणून मोजतात. बिल आणि बिलातल्या ओळी ही टेबलं दोन असली, तरी गट एकच. वारांच्या नावांचं टेबल तर मोजायचंच नाही.

आता गुणांचे तास करायचे. इंटरनेटवरचा दर उचलू नकोस. आधी फक्त हजेरीचा भाग पूर्ण करा : ७ अधिक ३ अधिक ३, म्हणजे १३ गुण. टेस्टिंग आणि सरांनी सांगितलेल्या दुरुस्त्या धरून समजा १०४ तास लागले, तर तुमचा दर गुणाला ८ तास. उरलेल्या ३४ गुणांना २७२ तास. नवीन फ्रेमवर्क शिकण्यात गेलेला वेळ मात्र वेगळा लिही, नाहीतर दर उगाच फुगतो.

सर्व्हरवर चढवण्यासारखं बेभरवशाचं काम यात येत नाही. त्याला तीन आकडे घे. कमीत कमी ६ तास, बहुधा १०, फारच अडलं तर ३२. मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज कर आणि ६ ने भाग : १३ तास.

जिराची फुकट आवृत्ती चौघांना पुरते; एक्सेलही चालेल. काम, अंदाज, लागलेले तास, फरकाचं कारण एवढे चार रकाने हवेत. तास त्याच दिवशी भरा. आठवड्याने आठवून भरलेले आकडे गोल आणि खोटे असतात. मूळ अंदाजाला नंतर हात लावू नका.

नोकरीचं म्हणशील, तर नवख्याला थेट एस्टिमेशनचं काम सहसा मिळत नाही. टेस्टिंग किंवा बिझनेस ॲनालिस्टच्या वाटेने आत जा आणि मुलाखतीला हा चार रकान्यांचा तक्ता, चुकलेल्या अंदाजांसकट, सोबत ने.