दूध पोटात जाण्याआधीच पचतं?

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं आहे. आईच्या दुधात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात असं वाचलं. मग माझं दूध आतल्या आत खराब होत असेल का?

उत्तर : अजिबात नाही, निर्धास्त राहा. यातलंच एक एन्झाइम, प्लाझमिन, स्तनातच कामाला लागतं आणि मुख्यतः बीटा-केसिन या दुधातल्या प्रथिनाचे तुकडे पाडतं. तेवढाच बाळाच्या पोटावरचा भार हलका. त्याच दुधात या एन्झाइम्सना लगाम घालणारी प्रथिनंही असतात, उदाहरणार्थ अल्फा-१-अँटिट्रिप्सिन. लॅक्टोफेरिन आणि आयजीए ही संरक्षक प्रथिनं तर इतकी चिवट, की त्यातली काही बाळाच्या शीतही शाबूत सापडतात. (हो, शी तपासणं हाही आमच्या कामाचाच भाग!) काढून ठेवलेलं दूध उकळू मात्र नका, त्यानं एन्झाइम्स आणि संरक्षक प्रथिनं दोन्ही निकामी होतात.